मातीचा श्वास ओळखणारा साहेब

मे महिन्यात कधी शिरोळहून कुरुंदवाडकडे गाडीवरनं गेलाय? दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये एखादा गुऱ्हाळाचा जुना सांगाडा, कडेला रसवंती. सगळं आपल्या ओळखीचं. आणि मग मध्येच एखादं रान असं दिसतं, की कुणाच्या हातून पिठाचं पोतं सांडलंय. पांढरंफटक. खाली उतरून बोटानं उचला आणि जिभेला लावा. मी लावलंय. खारट, थोडं कडवट.

माझ्या मामाचं असंच दीड एकर रान आहे. मी शाळेत होते तेव्हा त्या रानातला ऊस मामा पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचा. आता तिथं लव्हाळ्याशिवाय धड काही उगवत नाही. मामाचा थोरला मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या पहिल्या दोन वर्षांची फी याच रानाच्या ऊसबिलातून गेली. तुमच्यापैकी शिरोळ, हातकणंगले, कागलकडून येणाऱ्या कितीजणांची फी अशीच भरली गेली असेल, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

या पानासाठी एखाद्या थोर माणसाचं आयुष्य लिहायचं असं ठरलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की कोल्हापूरची पोरगी आहे, शाहू महाराजांवरच लिहिणार. महाराजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी निवडला महाराजांच्या बरोबरीच्या वयाचा, त्यांच्यापेक्षा फक्त काही महिन्यांनी मोठा असलेला एक इंग्रज. त्याचा कोल्हापूरशी थेट संबंध नाही, हे आधीच सांगते. पण मामाच्या रानाचं काय झालं, हे मला पहिल्यांदा नीट समजलं ते त्याच्या आयुष्यावरनं. नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. ॲग्रीला असाल तर ‘इंदूर कंपोस्ट’ म्हणून परीक्षेत दोन मार्कांपुरतं लिहिलं असेल. बाकीच्यांनी ‘ऑरगॅनिक’ असं छापलेली पाकिटं मॉलमध्ये बघितली असतील. त्या शब्दामागे जी चळवळ जगभर उभी राहिली, तिच्या मुळाशी हा माणूस आहे.

अल्बर्टचा जन्म 8 डिसेंबर 1873 चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या बिशप्स कॅसल या छोट्या गावचा. घर शेतकऱ्याचं. म्हणजे आपल्यासारखंच, सकाळी शेणाचा वास आणि मग शाळा. पोरगा हुशार निघाला. आधी लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ सायन्स, मग केंब्रिजचं सेंट जॉन्स. शेतकऱ्याचा मुलगा शिकला की शेतापासून लांब जातो, हे तिथंही तसंच होतं. हॉवर्डना नोकरी मिळाली ती थेट वेस्ट इंडिजमध्ये, बार्बाडोसला. काम बुरशीतज्ज्ञाचं. उसावर कुठले रोग पडतात, कुठली बुरशी असते, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि अहवाल लिहायचा.

बघा, सुरुवातच उसापासून झाली.

पण तिथंच त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण स्वतःकडे गुंठाभर जमीन नाही. आपण सांगतो तो उपाय आपणच करून बघू शकत नाही. एका पानावरच्या एका बुरशीबद्दल आपल्याला सगळं माहीत, आणि ते पान ज्या झाडाचं, ते झाड ज्या मातीतलं, तिच्याबद्दल शून्य. ही अस्वस्थता पुढं त्यांच्या सगळ्या आयुष्याला पुरली. 1903 ते 1905 ही दोन वर्षं ते इंग्लंडमध्ये वाय इथल्या शेतकी कॉलेजात होते. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सवर काम केलं. तो भाग आपण सोडून देऊ.

1905 साली ते भारतात आले. बिहारमध्ये पुसा नावाच्या गावी सरकारनं मोठी शेतकी संशोधन संस्था काढली होती. दिल्लीत आज ज्याला पुसा म्हणतात ती हीच संस्था. 1934 च्या भूकंपात बिहारमधली इमारत पडली आणि सगळा पसारा दिल्लीला हलला, पण नाव गावाचंच राहिलं. हॉवर्ड तिथं ‘इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ झाले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी. गॅब्रिएल केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या. पानं सूर्यप्रकाशात अन्न कसं तयार करतात आणि तापमानाचा त्यावर काय परिणाम होतो, यावर त्यांनी लग्नाआधीच महत्त्वाचं काम केलं होतं. पुसात त्या नवऱ्याच्या बरोबरीनं काम करायच्या. पुस्तकांवर, अहवालांवर दोघांची नावं असायची. तरी आज कुठंही वाचा, हॉवर्ड म्हटलं की एकच माणूस समोर येतो. मला विचाराल तर हे लेखसुद्धा ‘हॉवर्ड दांपत्य’ म्हणूनच लिहायला हवेत. पण गॅब्रिएल गेल्यानंतर अल्बर्ट आणखी सतरा वर्षं जगले, आणि नाव झालं ते त्या वर्षांत.

पुसात त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल तर जमीन. सुमारे पंच्याहत्तर एकर मिळाली. मग त्यांनी ठरवलं की आजूबाजूचे शेतकरी काय करतात ते आधी बघायचं. ते शेतकरी औषधं फवारत नव्हते, पोत्यातलं खत टाकत नव्हते, आणि तरी त्यांची पिकं संस्थेच्या पिकांपेक्षा निरोगी दिसत होती. केंब्रिजचा पदवीधर, साहेब माणूस, शेतकऱ्याला आणि पिकावरच्या किडीला आपले प्राध्यापक मानायला लागला. कीड कुठं पडली ते बघायचं, म्हणजे तिथं शेतीत काय चुकलंय ते कळतं, असा त्यांचा हिशेब. पाच-सहा वर्षांत त्यांना फवारणीशिवाय धडधाकट पीक घेता येऊ लागलं. शेजारच्या गुरांना लाळ्या-खुरकूत झाली असताना आपले बैल त्यांच्याशी नाकाला नाक लावून उभे राहिले तरी आजारी पडले नाहीत, कारण त्यांचा चारा चांगल्या मातीतला होता, असंही ते पुढं सांगत. या गोष्टीवर आजचा कुठलाही पशुवैद्य मान डोलावणार नाही. मीही नाही. हॉवर्डना एकदा एखादी कल्पना पटली की ते ती फार लांबवर ताणत. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

ठिकऱ्या आणि नीळ

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा माणूस निवडला.

पुसाची जमीन गंगेच्या खोऱ्यातली, गाळाची, बारीक कणांची. पावसाळ्यात ती बसायची, घट्ट व्हायची. हॉवर्ड दांपत्यानं एक अगदी साधा प्रयोग केला. फुटक्या कौलांच्या, मडक्यांच्या ठिकऱ्या मातीत मिसळल्या. ठिकऱ्यांत पोषण काहीच नसतं. ना नत्र, ना स्फुरद. तरी पीक सुधारलं. का? तर ठिकऱ्यांमुळे मातीत फटी राहिल्या आणि फटींमधून हवा आत गेली. मुळांना हवा लागते, हे आपण सातवीत वाचतो आणि विसरतो. कुंडीत पाणी जास्त झालं की झाड मरतं ते पाण्यानं नाही, हवा न मिळाल्यानं मरतं.

मग नीळ. चंपारणची नीळ आपल्याला गांधीजींमुळे माहीत. त्याच बिहारमध्ये जावा जातीची नीळ पावसाळ्यात अचानक सुकायला लागली होती. मळेवाले हैराण. रोगकारक जंतू कुठला, याचा शोध सुरू झाला. हॉवर्ड दांपत्यानं पानं बघायच्या आधी झाडं मुळासकट, काळजीपूर्वक माती धुऊन, उपसून काढली. नीळ ही शेंगावर्गातली. म्हणजे हरभरा, भुईमूग, ताग यांची भावकी. या सगळ्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. 1880 च्या दशकात युरोपात हा शोध लागला होता, म्हणजे तेव्हा तो ताजाच होता. पुसातल्या त्या सुकलेल्या निळीची बारीक मुळं कुजली होती आणि गाठी मेल्या होत्या. जंतूंचा हल्ला वगैरे काही नव्हता. पावसाच्या पाण्यानं माती कोंडली, हवा बंद झाली, गाठींतले जिवाणू गेले, आणि झाड उपाशी मेलं.

इथं थोडं थांबते, कारण मामाच्या रानाचं कोडं मला इथंच सुटलं. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतले बरेच कामाचे. काही शेण-पालापाचोळा कुजवतात, काही स्फुरद मोकळा करतात, ॲझोटोबॅक्टरसारखे काही गाठींशिवायच नत्र धरतात. आपण युरिया टाकतो, त्याचं नायट्रेट करणारे जिवाणूही याच मातीत असतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतोच लागतो. हवा बंद झाली की ते मागं पडतात आणि उलट काम करणारे दुसरे जिवाणू जोर धरतात. ते असलेल्या नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. म्हणजे पोतं टाकलं मातीत, आणि गेलं हवेत. मामा दरवर्षी युरिया वाढवत गेला आणि ऊस दरवर्षी पिवळा पडत गेला. दुकानदार आणखी एक पोतं घ्या म्हणायचा. त्या पोत्यांचं पुढं काय होत होतं, हे रानात उभं राहून कुणीच सांगितलं नाही.

आणि मीठ? ते कुणी आणून टाकत नाही. खडक झिजून माती होते तेव्हापासून क्षार तिच्यात असतातच. पाऊस त्यांना खाली नेतो. पण काळ्या भारी जमिनीला बारा महिने पाटाचं पाणी दिलं आणि निचरा नसला, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. मग दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी मातीच्या बारीक नळ्यांतून वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार तिथंच सोडतं. त्यात सोडियम जास्त असला तर आणखी वाईट. तो चिकणमातीचे कण सुटे करतो, ते फटींत जाऊन बसतात, जमीन ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगड. आपल्याकडे तिला चोपण म्हणतात. पाणी वर साचतं, खाली जात नाही. हवा तर नाहीच.

हे महाराष्ट्राला तेव्हाच कळलं होतं, बरं का. नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात सुरू झाला, बारामतीकडे ऊस वाढला, आणि पंचवीसएक वर्षांत नीरा खोऱ्यातली चांगली रानं खारी पडायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास केला आणि 1910 मध्ये त्यावर पुस्तिका काढली. 1910! आपल्याकडे शाहू महाराजांचं राधानगरी धरणाचं स्वप्न आकार घेत होतं, त्या काळातली गोष्ट. पाणी येणं हा आनंद होता आणि आहे. पाणी बाहेर काढायची वाट ठेवणं मात्र दरवेळी राहूनच गेलं.

हॉवर्ड यांनी याच प्रश्नाला दुसऱ्या टोकानं हात घातला. 1910 पासून उन्हाळ्यात ते बलुचिस्तानात क्वेट्ट्याला जात. तिथं सरकारी फळप्रयोग केंद्र त्यांच्याकडे होतं. क्वेट्टा म्हणजे कोरडा मुलूख, कारेझचं पाणी, जमिनीत क्षार. तिथले शेतकरी गव्हाला पाण्यावर पाणी द्यायचे. हॉवर्ड यांनी पेरणीआधी एकच भरपूर पाणी द्यायचं, मग वरची माती मोकळी ठेवून ती ओल जपायची, असं करून दाखवलं. गहू आला, आणि चांगला आला. वाचलेल्या पाण्यात आणखी जमीन भिजली असती. त्यांच्या डोक्यात एकच धागा तयार होत होता. जास्त पाणी, कोंडलेली हवा, मेलेले जिवाणू, वर आलेले क्षार, रोगट पीक हे पाच प्रश्न नाहीत, एकच आहे.

अडचण अशी, की पुसात या पाच गोष्टींसाठी पाच खाती होती. रसायनाचं वेगळं, वनस्पतीचं वेगळं, बुरशीचं वेगळं, किडींचं वेगळं, जिवाणूंचं वेगळं. एका खात्यानं दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. आपल्या कॉलेजमध्ये बॉटनीच्या पोराला केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेल्यावर कसं बघतात, तसंच. हॉवर्ड सगळीकडे नाक खुपसत. सहकारी चिडत. शेवटी त्यांनी ठरवलं की आपली स्वतंत्र संस्था हवी, जिथं शेत अख्खं बघता येईल.

होळकरांच्या इंदुरात

ती संधी मिळाली इंदूरला. 1924 मध्ये होळकर दरबारनं तीनशे एकर जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातली संस्थानं यांनी पैसा उभा केला, आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. संचालक हॉवर्ड. जमीन माळव्यातली काळी कापसाची, म्हणजे आपल्या नदीकाठच्या रानांची बहीण. तिथं आधी पावसाचं पाणी शेतातून बाहेर काढायची सोय केली आणि मगच प्रयोग सुरू झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. कंपोस्टवर लिहिणारे लोक हा भाग हमखास गाळतात.

मग कंपोस्ट. चीनमधले शेतकरी चिखल, पालापाचोळा आणि मैला यांचं खत हजारो वर्षं कसं करत आले, त्यावर एफ. एच. किंग या अमेरिकन माणसानं 1911 मध्ये पुस्तक लिहिलं होतं. हॉवर्डवर त्याचा मोठा प्रभाव. पण ते शास्त्रशुद्ध आणि भारतीय शेतकऱ्याला झेपेल असं करायचं तर रसायनशास्त्र पक्कं असणारा माणूस हवा. तो होता यशवंत वाड. आडनावावरनंच कळलं असेल, आपला मराठी माणूस. खड्ड्यात कर्ब आणि नत्राचं प्रमाण किती असलं म्हणजे जिवाणू नीट काम करतात, ओल किती, हवा किती, उलथापालथ कधी, या मोजमापांत वाड यांचा वाटा मोठा. 1931 मध्ये या कामावर जे पुस्तक निघालं त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावं आहेत. ‘इंदूर पद्धत’ शिकवताना दुसरं नाव आपल्याला कुणी सांगितलं होतं? मला तरी नाही.

पद्धत ऐका, घरी करता येईल. खड्डा तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, खोल मात्र दोन-तीन फूटच, कारण त्याहून खोल गेलं की तळाशी हवा पोचत नाही. शेतातलं जे काही निघेल ते. तण, पाला, कडबा, भुसा. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक असतात, त्या कुजत नाहीत. मग त्या शेताच्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांची चाकं त्यांच्यावरून जाऊन जाऊन त्यांचा चुरा होतो. हे मला फार आवडलं. मशीन नको, खर्च नको, रोजची जा-ये तीच. मग ते गोठ्यात बैलांखाली अंथरायचं, मूत मुरलेली गोठ्यातली माती, थोडी राख, शेणकाला हे सगळं थरांनी रचायचं. तुडवायचं नाही. पाणी शिंपडायचं, भिजवून चिखल करायचा नाही. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. साधारण दोन आठवड्यांनी, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी असं तीनदा परतायचं, प्रत्येक वेळी हवा देण्यासाठी. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग करायचे. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसाळ्यानंतरच्या जंगलासारखा वास असलेलं खत तयार.

आता आपल्याकडं बघा. गाळप हंगामात संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावरनं जाताना पाचट पेटवल्याचा धूर दिसतो ना? त्याच धुरात जिवाणूंचं वर्षभराचं जेवण असतं. ते जाळायचं आणि मग खताचं पोतं उधारीवर आणायचं.

1930 च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल गेल्या. पंचवीस वर्षं एकाच शेतात, एकाच टेबलावर काम केलेली बायको. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी नोकरी संपवली आणि इंग्लंडला परतले. 1931 मध्येच त्यांनी गॅब्रिएलच्या बहिणीशी, लुईझशी लग्न केलं. लुईझ स्वतः विदुषी. पुढं भारतातल्या दोघांच्या कामाचं पुस्तक त्यांनीच लिहिलं, त्यामुळे आज आपल्याला गॅब्रिएलबद्दल एवढं तरी माहीत आहे.

1934 मध्ये त्यांना ‘सर’ मिळालं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला गेले, तेव्हा त्यांनी वेळ काढून ही संस्था आणि तिथलं खत बघितलं, आणि ‘हरिजन’मधून त्याचा प्रचार केला. केनियातले कॉफीमळे, सिलोनचे चहामळे, नाताळमधले उसाचे मळे, सगळीकडे इंदूरची पद्धत गेली. एका मराठी संस्थानातल्या शेताचं नाव जगभर.

पण म्हातारपणीचे हॉवर्ड भांडखोर झाले, हेही सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी हवेतून नत्र काढणारे कारखाने उभे राहिले होते, युद्ध संपल्यावर त्यांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि ते गिऱ्हाईक शेतकरी झाला. हे त्यांचं निरीक्षण बिनचूक होतं. शेतीचं सगळं गणित नत्र-स्फुरद-पालाश या तीन अक्षरांत बसवणाऱ्या शास्त्रज्ञांवर ते तुटून पडले. 1940 मध्ये त्यांचं ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ आलं, गॅब्रिएलना अर्पण केलेलं. त्यात मातीच्या आजारांमध्ये त्यांनी खाऱ्या जमिनींचा वेगळा विचार केलाय. जमिनीत हवा कोंडली की खारेपणाची सुरुवात होते, असा त्यांचा रोख. इथं मघाशी म्हटलं तसं त्यांनी धागा ताणला. क्षार वर येण्याचं मूळ कारण वर चढलेलं पाणी हे आहे, हवा कोंडणं बहुतेकदा त्याच्या जोडीनं किंवा नंतर येतं. आणि रासायनिक खत म्हणजे विषच, चिमूटभरही नको, ही त्यांची भूमिका आज जसंच्या तसं कुणी शेती करणारा घेऊ शकेल असं मला वाटत नाही. चोपण जमिनीला जिप्सम लागतं. नुसत्या कंपोस्टानं सोडियम जात नाही. पण उपायांची त्यांची दिशा, म्हणजे पाणी कमी, निचरा आधी, मग सेंद्रिय खत, ही आजही शिरोळमध्ये उभं राहून खोडता येत नाही.

त्यांच्या लेखनातून इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फोर यांना प्रेरणा मिळाली आणि 1946 मध्ये सॉइल असोसिएशन उभी राहिली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. मॉलमधलं ते पाकीट तिथून आलंय. हॉवर्ड 20 ऑक्टोबर 1947 ला वारले. ज्या देशात ते शेती शिकले, तो स्वतंत्र होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मग आपल्याकडं धरणं झाली, साखर कारखाने झाले, हरितक्रांती झाली, धान्य आलं, भूक गेली. आणि शिरोळच्या रानांवर मीठ फुटलं.

मामाच्या रानात

गेली काही वर्षं शिरोळ भागात यावर काम चाललंय. श्री दत्त साखर कारखान्यानं क्षारपड जमीन सुधारणेत पुढाकार घेतला, सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरी कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. उपाय म्हणजे जमिनीखाली भोकाचे पाइप पुरायचे, जास्तीचं पाणी त्यांतून ओढ्याला काढायचं आणि त्याबरोबर क्षार धुऊन जाऊ द्यायचे. एकट्यानं होत नाही. तुमचं पाणी खालच्या शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जातं, त्यामुळे सगळ्या शिवारानं एकत्र यावं लागतं. मामाच्या शिवारात याच मुद्द्यावर दोन वर्षं बैठका फिसकटल्या. वरचे म्हणायचे आमचं रान चांगलं आहे, आम्ही पैसे का घालायचे. शेवटी मामानं आणि शेजारच्या दोघांनी मिळून कर्ज काढून पाइप टाकले, पण दीड एकरातल्या साधारण एक एकरालाच. उरलेलं तसंच.

या पावसाळ्यात त्यानं सगळ्या दीड एकरात धैंचा पेरला. हिरवळीचं खत, थोडी खारी जमीन सोसणारं, शेंगावर्गातलं. मी सुट्टीला गेले तेव्हा तो कमरेएवढा होता, पुढच्या आठवड्यात गाडणार होते. मी मामाला सांगितलं की मला दोन झाडं मुळासकट उपटून हवीत, एक पाइपवाल्या भागातलं आणि एक नसलेल्या भागातलं. मामाला वाटलं पेपरसाठी फोटो काढायचेत. आम्ही ती खुरप्यानं मोकळी केली आणि पाटात धुतली, हॉवर्ड दांपत्यानं निळीची मुळं धुतली तशी.

गाठी कामाच्या आहेत का, ते बघायची एक सोपी युक्ती ॲग्रीच्या मैत्रिणीनं सांगितली होती. नखानं गाठ फोडायची. आतून गुलाबी-लाल असेल तर जिवाणू नत्र धरतायत. हिरवट, तपकिरी असेल तर काम बंद. पाइप नसलेल्या भागातल्या मुळावर गाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. फोडल्या, आतून मातकट. दुसऱ्या झाडाची मुळं लांब होती, गाठी जागोजाग. मामानं एक स्वतःच फोडली. नखावर गुलाबी डाग आला. त्यानं तो डाग थोडा वेळ उन्हात धरून बघितला, मग धोतराला पुसला आणि उरलेल्या अर्ध्या एकराला पाइप टाकायला किती खर्च येईल, याचा हिशेब बांधावरच बोलत बसला.